सर्केशियातला नायब

तहसील कचेरीतल्या नायब तहसीलदारामुळे 'नायब' हा शब्द मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचा आहे. नायब म्हणजे मुख्य अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा, त्याच्या नावाने हुकूम काढणारा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काळ्या समुद्राच्या ईशान्य किनाऱ्यामागे असलेल्या डोंगराळ मुलखात असाच एक नायब सुमारे अकरा वर्षे सत्ता चालवून गेला. त्याचे नाव मुहम्मद अमीन. तो ज्यांच्यावर राज्य करत होता त्या लोकांपैकी तो नव्हता, त्यांची भाषा त्याची मातृभाषा नव्हती, आणि ज्या इमामाच्या नावाने तो हुकूम काढी, तो शामील कॉकेशस पर्वताच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होता. मध्ये रशियन फौजेच्या चौक्यांची रांग होती. तरीही या माणसाने, ज्यांना आजवर कोणी एका छत्राखाली आणू शकले नव्हते, अशा लोकांकडून कर वसूल केला, त्यांच्यासाठी न्यायालये बांधली आणि रशियाच्या झारशी लढण्यासाठी फौज उभी केली. ते कसे जमले, आणि ज्यांच्यासाठी हे चालले होते त्या लोकांनीच त्याला वारंवार विरोध का केला, ते समजून घ्यायचे तर आधी सर्केशियन समाजाची घडण पाहावी लागते.

सर्केशियन लोक स्वतःला 'अदिगे' म्हणवतात. तुर्क आणि रशियन त्यांना 'चेर्केस' म्हणतात. उत्तरेला कुबान नदी आणि दक्षिणेला काळ्या समुद्राचा किनारा यांच्या दरम्यानचा दाट जंगलाचा, असंख्य नद्या-ओढ्यांनी चिरलेला प्रदेश हे त्यांचे मुख्य वसतिस्थान होते. अबझेख, शाप्सुग, नातुखाई, बझेदुग, तेमिरगोय आणि पूर्वेकडचे कबार्दी या त्यांच्यातल्या प्रमुख जमाती. सोचीच्या आसपासचे उबिख लोक भाषेने वेगळे असले तरी चालीरीतींनी त्यांच्याच पंक्तीतले. १८२९ साली एद्रिनेच्या तहात तुर्की सुलतानाने हा सगळा किनारा रशियाला देऊन टाकला. सर्केशियनांचे म्हणणे साधे होते, की आम्ही सुलतानाचे प्रजाजन कधी नव्हतोच, मग जे त्याचे नव्हते ते त्याने दिले कसे? याबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते. रशियन सेनापतीने एका सर्केशियन वृद्धाला सांगितले, की सुलतानाने तुम्हाला आमच्या झारला भेट म्हणून दिले आहे. तेव्हा वृद्धाने झाडावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवले आणि म्हटले, 'हा पक्षी मी तुम्हाला भेट दिला, घ्या.' ही कथा खरी घडली असो वा नसो, तहावर सही करणारे आणि ज्यांच्यावर तो लादला गेला ते यांच्यातली दरी ती नेमकी पकडते.

मात्र या स्वातंत्र्याला एक अवघड बाजू होती. सर्केशियनांना राजा नव्हता, राजधानी नव्हती, खजिना नव्हता. काही जमातींत राजपुत्र आणि सरदार होते, पण अबझेख, शाप्सुग आणि नातुखाई या तीन मोठ्या जमातींत सामान्य स्वतंत्र शेतकऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'त्फोकोत्ल' लोकांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदारांची मक्तेदारी मोडून काढली होती. १७९६ साली झालेल्या बझियुकच्या लढाईत सरदारांच्या मदतीला रशियाने कोसाक, म्हणजे सरहद्दीवर वसवलेले लढाऊ घोडेस्वार, आणि तोफा धाडल्या, आणि रणांगणावर सरदार जिंकलेही. पण त्यांचा गेलेला अधिकार काही परत आला नाही. तेव्हापासून या जमातींत निर्णय होई तो 'खासे' नावाच्या सभेत, तासन्‌तास आणि प्रसंगी दिवसचे दिवस चर्चा करून. निर्णय झाला तरी तो मोडणाऱ्याला वठणीवर आणणारी यंत्रणा नव्हती. शत्रूच्या दृष्टीने हे मोठे संकट होते, कारण ज्याला पकडले की लढा संपेल असा कोणी माणूसच सापडत नव्हता. खुद्द सर्केशियनांच्या दृष्टीनेही ते तितकेच मोठे संकट होते, कारण एका खोऱ्याने तह पाळला तरी शेजारचे खोरे तो पाळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते.

न्यायाची पद्धतही याच मुशीतली. भावकीला आपल्याकडे जे वजन आहे त्याहून कितीतरी अधिक वजन सर्केशियन समाजात कुळाच्या बंधुत्वाला होते. एखाद्याने खून केला तर तो त्याचा एकट्याचा गुन्हा नसे. मारणाऱ्याच्या भावकीने मारलेल्याच्या भावकीला रक्ताची भरपाई द्यायची, ती गुराढोरांत मोजायची, आणि ती देईपर्यंत सुडाची टांगती तलवार सगळ्या कुळावर राहायची. चोरीकडे पाहण्याची दृष्टी तर आपल्याला चमत्कारिक वाटेल. परक्या जमातीतून घोडा पळवून आणणे हे तरुणाच्या चलाखीचे लक्षण मानले जाई, लाज वाटायची ती पकडले जाण्याची. या सगळ्या अलिखित रूढींना मिळून 'खाब्झे' म्हणतात. पाहुण्याचा मान, वडीलधाऱ्यांपुढचे वागणे, स्त्रियांसमोरची अदब हे सारे त्यातच येते. इस्लाम या समाजात आला होता, पण तो उशिरा आणि विरळ आला होता. डोंगराळ भागांत अजून पवित्र देवराया होत्या, झाडांपाशी नवस होत, वीज कोसळवणाऱ्या शिबले देवाचे नाव घेतले जाई, आणि जुन्या ख्रिस्ती काळातले लाकडी क्रूसही काही ठिकाणी पूज्य मानले जात.

आता कॉकेशसच्या पूर्व टोकाकडे वळू. तिथे दागेस्तान आणि चेचन्यात १८३४ पासून इमाम शामील रशियाशी लढत होता. त्याच्या आधीचे दोन्ही इमाम मारले गेले होते. शामीलने नुसती लढाई केली नाही, राज्य उभे केले. मुलखाचे भाग पाडून प्रत्येकावर नायब नेमला, त्याच्या हाताखाली मुफ्ती आणि काझी दिले, सरकारी खजिना काढला, आणि रूढींच्या जागी शरियतचा कायदा आणला. या चळवळीला बळ पुरवणारी श्रद्धा नक्शबंदी सूफी परंपरेच्या खालिदी शाखेची होती. या शाखेचा प्रवर्तक खालिद बगदादी हा कुर्द विद्वान १८१० च्या सुमारास चक्क दिल्लीला येऊन शाह गुलाम अली यांच्याकडे दीक्षा घेऊन परतला होता, आणि तिथून शिष्य-प्रशिष्यांच्या साखळीने ही शिकवण दागेस्तानच्या डोंगरांत पोहोचली. नक्शबंदींची एक जुनी, वेगळी शाखा औरंगाबादेत होती. पाणचक्कीपाशी ज्यांची समाधी आहे ते बाबा शाह मुसाफिर याच पंथाचे. तिथल्या हौदाकाठी बसून कोणाला कॉकेशसच्या युद्धाची आठवण होणार नाही, हे कबूल. पण एकाच पंथाच्या शिकवणीतून एका ठिकाणी पाण्यावर चालणारी जाती आणि मुसाफिरांचा आसरा उभा राहतो, तर दुसरीकडे बंडखोर राज्य, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'सूफी पंथ म्हणजे अमुकच' असे एका वाक्यात सांगणे अवघड होते.

शामीलला पश्चिमेकडच्या सर्केशियनांची गरज होती. दोन्ही टोके जोडली गेली असती तर रशियाची फौज दोन्हीकडून कैचीत सापडली असती. १८४६ साली त्याने स्वतः मधल्या कबार्दाच्या मुलखात मोठी मुसंडी मारली, पण कबार्दी लोक अपेक्षेप्रमाणे उठले नाहीत आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याआधीच, १८४२ पासून, त्याने सर्केशियनांकडे नायब पाठवायला सुरुवात केली होती. पहिला हाजी मुहम्मद दोन वर्षांत मरण पावला. दुसरा सुलेमान एफेंदी याने तर १८४६ मध्ये रशियनांना जाऊन मिळून शामीलच्याच विरोधात निवेदन दिले. या दोन अपयशांनंतर अबझेखांचे दूत पुन्हा शामीलकडे गेले, आणि १८४८ च्या अखेरीस तिसरा नायब म्हणून मुहम्मद अमीन अबझेखांच्या मुलखात दाखल झाला. तो दागेस्तानातला अवार जमातीचा, वय जेमतेम तीस.

त्याचा मुहूर्त चांगला होता. त्याच वर्षी आदागुम नदीकाठी अबझेख, शाप्सुग आणि नातुखाई यांची मोठी सभा भरली होती आणि ती अधूनमधून जवळपास वर्षभर चालली. शंभर-शंभर घरांचे गट पाडावेत, प्रत्येक गटाने आपले वडीलधारे निवडावेत, शपथ मोडणाऱ्याला दंड करावा आणि रशियनांशी गुपचूप संबंध ठेवणाऱ्यांना आवरावे, असे ठराव तिथे चर्चेत होते. म्हणजे सर्केशियनांना एकत्र येण्याची निकड कळली होती, आणि तिची रूपरेषाही त्यांनी स्वतःच आखायला घेतली होती. मुहम्मद अमीनने ती कल्पना उचलली आणि तिला दोन गोष्टी जोडल्या, ज्या सभेला स्वतःच्या बळावर जमत नव्हत्या. एक म्हणजे धर्माचा अधिकार आणि दुसरी म्हणजे पगारी शिपाई. माझ्या मते त्याच्या यशाचे खरे रहस्य इथे आहे. 'बाहेरून आलेल्या कडव्या धर्मगुरूने भोळ्या डोंगरी लोकांना भारून टाकले' असे त्याचे जे चित्र रशियन अधिकाऱ्यांच्या लिखाणातून उभे राहते, त्यात आदागुमची ही पूर्वतयारी गाळलेली असते.

त्याने अबझेखांचा मुलूख विभागला आणि प्रत्येक विभागात एक 'मेहकेमे' उभारले. आपल्याकडे सरकारी खात्याला जुन्या कागदांत महकमा म्हणतात, तोच हा शब्द. ही जागा डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखी आहे. भोवती खंदक आणि मातीचा बांध किंवा लाकडी कोट. आत मशीद, तिच्या शेजारी मुफ्ती आणि काझी बसतात ते न्यायालय, मुलांना अरबी अक्षरे आणि कुराण शिकवणारी शाळा, धान्याची कोठारे, घोड्यांचे तबेले आणि जमिनीत खोल खणलेला खड्डा, जो तुरुंग म्हणून वापरला जाई. घोडेस्वार शिपायांना 'मुर्तझेक' म्हणत. हुकूम पोहोचवणे, दंड वसूल करणे, पळालेल्या आरोपीला धरून आणणे, नमाज चुकवणाऱ्याला समज देणे ही त्यांची कामे. धान्य आणि गुरांच्या रूपात येणारी जकात, म्हणजे इस्लामी धर्मकर, आणि दंडाची रक्कम यांतून हा खर्च भागे. वाड्या-वस्त्यांत विखुरलेल्या, गावाला वेस नसलेल्या आणि तुरुंग कधी न पाहिलेल्या या लोकांना मेहकेमेचा तो कोट बघून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. सरकार नावाची वस्तू त्यांच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली.

या कारभाराने समाजाच्या मुळाशी हात घातला. शरियतप्रमाणे गुन्हा ज्याने केला त्याचा, त्याच्या साऱ्या भावकीचा नव्हे. न्यायासनासमोर सरदार आणि सामान्य शेतकरी सारखे. आणि दंडाचा मोठा भाग भावकीच्या गोठ्यात न जाता सरकारी खजिन्यात. गरीब त्फोकोत्ल लोकांना यात लाभ होता, कारण बलाढ्य कुळाविरुद्ध त्यांना दाद मागायला प्रथमच एक जागा मिळाली. गुलामांनी इस्लाम स्वीकारला तर त्यांच्या सुटकेची भाषाही नायब करत असे. साहजिकच ज्यांच्याकडे गुलाम होते, वंशाचा मोठेपणा होता आणि जुन्या रूढीतून मिळणारा मान होता, ते त्याच्यावर उलटले. देवराया तोडल्या गेल्या, क्रूस उखडले गेले, तेव्हा म्हाताऱ्या पिढीचा जीव कळवळला असणार. आपल्या कोकणातल्या एखाद्या देवराईवर बाहेरच्या माणसाने कुऱ्हाड चालवली तर गावात काय होईल, एवढा विचार केला तरी पुरे.

सर्वांत जास्त असंतोष मात्र धर्मापेक्षा मिठाने माजवला असावा, असे मला वाटते. सर्केशियनांच्या डोंगरात मिठाचा तुटवडा होता. गुरे पाळणाऱ्या लोकांना मीठ माणसांना लागते त्याहून जास्त जनावरांना लागते. रशियनांनी कुबान नदीकाठी विनिमयाचे अड्डे उघडले होते, जिथे डोंगरी लोक लाकूड, मध, मेण, कातडी आणून मीठ घेऊन जात. कोणत्या खोऱ्याला मीठ द्यायचे आणि कोणत्या खोऱ्याचे तोडायचे, हे रशियन अधिकारी कुठल्याही तोफेइतक्याच हुशारीने ठरवत. नायबाने शत्रूशी व्यापार करायला बंदी घातली. लष्करी दृष्टीने ती योग्यच होती, पण नदीकाठच्या नातुखाई आणि बझेदुग घरांना ती रोजच्या ताटात जाणवत होती. डोंगराच्या आतल्या भागात बसून बंदी घालणे सोपे, नदीच्या काठावर ती पाळणे कठीण.

म्हणून त्याची सत्ता एकसारखी चढत गेली नाही. ती भरती-ओहोटीसारखी होती. १८४९ मध्ये अबझेख त्याच्यामागे आले, पुढच्या वर्षात शाप्सुग आणि नातुखाईंनी त्याचा अंमल मानला, आणि १८५१ मध्ये रशियन फौजांचा मार बसताच हे दोघे त्याच्यापासून तुटले, त्यांच्याकडची मेहकेमे मोडली गेली. नंतर त्याने पुन्हा हळूहळू पाय रोवले. या काळात त्याला दोन आघाड्यांवर लढावे लागत होते: लाबा नदीकाठच्या रशियन किल्ल्यांवर छापे घालायचे आणि मागे वळून ज्यांनी शपथ मोडली त्या खोऱ्यांवर मुर्तझेक पाठवायचे. दंडासाठी ओढून नेलेली गुरे पाहणाऱ्या शेतकऱ्याला या दोन फौजांतला फरक प्रत्येक वेळी स्पष्ट दिसत असेलच असे नाही.

१८५३ मध्ये क्रिमियन युद्ध पेटले आणि सर्केशियनांना वाटले, की आता आपले दिवस आले. इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान रशियाविरुद्ध उभे होते. १८५४ मध्ये रशियाने किनाऱ्यावरचे आपले किल्ले स्वतःच उडवून देऊन सोडले. मुहम्मद अमीन वार्ना बंदरात जाऊन मित्रराष्ट्रांच्या सेनापतींना भेटला. पण तुर्कांनी सर्केशियात आपला दुसरा माणूस उतरवला. तो म्हणजे नातुखाई सरदार घराण्यातला सेफेर बे झानोको, जो अनेक वर्षे तुर्की मुलखात नजरकैदेसारखे आयुष्य काढून आला होता. एक परका पण सामान्यांच्या आधाराने उभा, दुसरा घरचा पण सरदारवर्गाचा. दोघेही सुलतानाचे नाव घेत, दोघेही सर्केशियनांचे पुढारीपण सांगत. हे जमणे शक्यच नव्हते. १८५६ आणि १८५७ मध्ये दोघांच्या समर्थकांत प्रत्यक्ष चकमकी झाल्या, रशियन फौज शेजारी उभी असताना. त्याच सुमारास, मार्च १८५६ मध्ये, पॅरिसचा तह झाला. त्यात सर्केशियाचे नावही नव्हते.

पुढची तीन वर्षे उतरणीची होती. १८५७ मध्ये नायब इस्तंबूलला गेला असता तुर्कांनी रशियाची मर्जी राखण्यासाठी त्यालाच अटक केली. तो सुटून परत आला, पण ज्या सुलतानाच्या नावावर त्याने इतके दिवस लोकांना धीर दिला होता, त्याच सुलतानाने त्याला धरले, ही बातमीही सोबत आली. याच वर्षी रशियनांनी बेलाया नदीकाठी मायकोपचा किल्ला बांधला, अबझेखांच्या उंबऱ्यावर. आणि १८५९ च्या ऑगस्टअखेर गुनीबच्या पठारावर इमाम शामील रशियनांच्या हाती आला. नायब ज्याचा प्रतिनिधी, तो मूळ अधिकारीच कैदेत पडला. पूर्वेकडची सगळी रशियन फौज आता पश्चिमेकडे वळवता येणार होती.

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २० नोव्हेंबर १८५९ रोजी मुहम्मद अमीनने अबझेखांसह झारशी निष्ठेची शपथ घेतली. अबझेखांना मिळालेल्या अटी वरवर उदार होत्या: धर्माला आणि जमिनीला हात लागणार नाही, लष्करात सक्तीची भरती होणार नाही, कर पडणार नाहीत. नायबाला वर्षाला तीन हजार रूबल निवृत्तिवेतन मिळाले. १८६० मध्ये तो कालुगा शहरात नजरकैदेत असलेल्या शामीलला भेटून आला आणि नंतर तुर्कस्तानात बुर्साच्या परिसरात जाऊन राहिला. या शरणागतीबद्दल त्याला गद्दार म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पुरते पटत नाही. इमामाच्या वतीने लढणाऱ्या माणसाने इमाम हरल्यावर शस्त्र ठेवणे हे त्याच्या तर्काला धरूनच होते. अडचण त्या तर्कातच होती. राजा नसलेल्या लोकांना त्याने डोके दिले होते, आणि ज्याला डोके असते त्याला शरण आणता येते.

शाप्सुग आणि उबिख मात्र शरण गेले नाहीत. जून १८६१ मध्ये त्यांनी अबझेखांतल्या लढू इच्छिणाऱ्यांसह सोचीजवळ मजलिस, म्हणजे कारभार पाहणारी सामायिक सभा, स्थापन केली. तिने मुलखाचे बारा जिल्हे पाडले, प्रत्येकात मुफ्ती आणि काझी नेमले, आणि शंभर घरांमागे घोडेस्वार मागितले. यादी ओळखीची वाटते. नायब गेला होता, पण त्याचा आराखडा उरला होता, आणि या वेळी तो कोणा बाहेरच्या माणसाचा हुकूम नव्हता. अर्थात फार उशीर झाला होता. सप्टेंबर १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर स्वतः या भागात आला तेव्हा सर्केशियन प्रतिनिधींना सांगितले गेले, की आम्ही दाखवू त्या कुबानच्या मैदानात उतरा, नाहीतर तुर्कस्तानात चालते व्हा. पुढच्याच वर्षी रशियन तुकडीने समुद्रमार्गे उतरून मजलिसची इमारत नष्ट केली. सेनापती येवदोकिमोव्हच्या फौजा खोरे-दर-खोरे गावे जाळत, मागे कोसाक वसवत किनाऱ्याकडे सरकल्या. २१ मे १८६४ रोजी, जुन्याच पंचांगाने, क्बादा नावाच्या डोंगरी मैदानात विजयाचे संचलन झाले. तीच आजची क्रास्नाया पोल्याना, जिथे २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या बर्फावरच्या स्पर्धा झाल्या. लाखो सर्केशियनांना गच्च भरलेल्या बोटींतून तुर्की किनाऱ्यांवर नेऊन सोडले गेले, आणि रोगराईने व उपासमारीने त्यांतले कितीतरी बोटींवर आणि उतरण्याच्या बंदरांतच मेले. त्या बोटींत शेवटपर्यंत लढलेले शाप्सुग आणि उबिख होते, आणि १८५९ मध्ये नायबाबरोबर शपथ घेऊन जमिनीचे वचन मिळवलेले अबझेखही होते.